दुसऱ्या आवृत्तीतलं प्रकरण

बन्सीलाल तायडे भुसावळला रेल्वेच्या रूळ-दुरुस्तीच्या गँगमध्ये नोकरी करून निवृत्त झाले आणि त्या नोकरीवर त्यांनी एक पुस्तक लिहिलं. जळगावच्या रुपचंद शेठांनी ते छापलं. पुस्तक घरी आल्यावर बन्सीलालांनी ते पत्नीला, द्रौपदाबाईंना, रोज दुपारी थोडं थोडं वाचून दाखवलं. बाईंना अक्षरओळख नव्हती. शेवटचं पान संपलं, तेव्हा धुळ्याकडच्या माहेरच्या बोलीत त्या एवढंच म्हणाल्या, "यामा बठ्ठं तुमनंच शे. मनी विशाखा कोठे शे?"

पुस्तकात सगळं बन्सीलालांचंच होतं, विशाखा कुठेच नव्हती. विशाखा त्यांची पहिली मुलगी. फाटकाजवळच्या क्वार्टरमध्ये तापानं गेली, तेव्हा बन्सीलाल लाइनवर होते. तिचा ना फोटो राहिला, ना कुठल्या कागदावर नाव. बन्सीलालांना तो विषय लिहवलाच नव्हता. आता द्रौपदाबाईंनी सांगितलं आणि त्यांनी खाली मान घालून उतरवून घेतलं. शेठ म्हणाले, "पहिली आवृत्ती संपू द्या, दुसरीत वहिनींचं प्रकरण घालू." तोवर द्रौपदाबाईंचं डायलिसिस सुरू झालं होतं. लेकीचं नाव चार लोकांनी वाचावं, एवढंच त्यांना हवं होतं.

आवृत्ती संपत आली होती, तीही वाचनालयांमुळे. गँगमधले जुने सोबती चिडवायचे, "बन्सी, एक पुस्तक अख्खं गाव फुकटात वाचतं. तुला काय मिळणार, बाबाजी का ठुल्लू?" पण धुळ्याच्या वाचनालयातल्या लताबाईंचा फोन आला, "भाऊ, प्रत वाचून वाचून खिळखिळी झाली, नवी पाठवा." अशा वाचनालयांत वाचून माणसं शेठांच्या पुस्तकांच्या दुकानात येऊन स्वतःसाठी प्रत घेऊन जायची. मानधनाचा छोटासा चेक वर्षाला यायचा.

मग एके दिवशी पेन्शनरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अख्खं पुस्तक आलं. कुणीतरी पानं मोबाइलनं टिपून पीडीएफ केली होती. बन्सीलाल हरखले. हे तर घरबसल्या वाचनालय! त्यांनी स्वतःच ती नातेवाइकांना, समाजाच्या ग्रुपला, ओळखीच्या सगळ्या नंबरांना पाठवली.

त्यानंतर दुकानात कुणी पुस्तक मागेना. बन्सीलाल जळगावला गेले, तर शेवटचे दोन गठ्ठे तसेच पडलेले.

"पण शेठ, वाचनालयातही लोक फुकटच वाचतात ना?"

"वाचनालयानं आधी विकत घेतलं, बन्सीभाऊ. एका वेळी एकाच्याच घरी जातं, परत द्यावं लागतं. फाटलं की दुसरं मागवतात. ज्याला घरात ठेवावंसं वाटतं, तो माझ्याकडे येतो. हे फाटत नाही नि परतही द्यायचं नाही. मग कोण कशाला येईल?" शेठांनी मोबाइल पुढे केला. "आणि मलाही हे पाठवणारे तुम्हीच. दुसरी आवृत्ती आता माझ्याच्यानं होणार नाही."

बन्सीलालांनी घरी येऊन खरं ते सांगितलं. द्रौपदाबाई म्हणाल्या, "तसंच फोनवर टाकी द्या. कोनी तरी वाची."

त्यांनी पत्नीचा चांगला फोटो निवडला, खाली प्रकरणाची पानं जोडली आणि पेन्शनरांच्या ग्रुपवर पाठवलं.

त्या ग्रुपवर म्हाताऱ्या माणसाचा फोटो येई, तो एकाच कारणासाठी. गँगमधल्या तोताराम पाटलांनी पानं न उघडताच लिहिलं, "द्रौपदावहिनींना भावपूर्ण श्रद्धांजली." त्याखाली दुसऱ्यानं तेच, तिसऱ्यानं तेच. हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली.

द्रौपदाबाई कुशीवर वळल्या. "लोके काय म्हनतस?"

बन्सीलालांनी चष्मा पुसला, परत घातला.

"तोताराम लिहितो, विशाखाला भावपूर्ण श्रद्धांजली."

"आनि?"

"भालेराव लिहितो, विशाखाला भावपूर्ण श्रद्धांजली."

"बठ्ठासनी तिनं नाव लिखं?"

"सगळ्यांनी तिचंच नाव लिहिलं," बन्सीलाल म्हणाले. द्रौपदाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मोबाइल पुन्हा वाजला आणि ते पुढचा निरोप वाचू लागले.