उलटे बसणारे आण्णा

आण्णा गाडीत नेहमी उलटे बसत. मागच्या सीटवर गुडघे टेकून, पाठ माझ्याकडे आणि तोंड मागच्या काचेकडे. वय अडुसष्ट, वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, गुडघ्यापर्यंत वर खोचलेली, नाक जवळजवळ काचेला लागलेलं. मागून येणाऱ्या टाउन बसमधली पोरं त्यांना हात हलवून दाखवायची. आण्णाही हलवायचे, पण नजर काचेवरून काढायचे नाहीत.

"आण्णा, पट्टा तरी लावा," मी आरशात बघत म्हणायचो.

"पट्टा लावला तर वळूं कसा? तूं पुढें पाहा. मागचें मी पाहतों."

मागे एवढं काय बघायचं असतं, असं तुम्हालाही वाटेल. मलाही वाटायचं. आण्णा मागे वारा बघायचे.

तंजावुरातल्या एका इलेक्ट्रिक गाड्यांच्या शोरूममध्ये मी टेस्ट ड्राइव्हचा ड्रायव्हर. आठवीत शाळा सोडली आणि आमच्या भागातली बरीच माणसं येतात तसा चुलत्याच्या मागोमाग गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं गाळायच्या कामाला, इकडे आलो. आठ-दहा वर्षं काढली, पण ॲसिडच्या धुराने छातीत घर केलं. डॉक्टर म्हणाले, हे काम सोड. गाडी चालवता येत होती म्हणून इथे चिकटलो, तेही सहा महिने कच्चा. तमिळ अर्धंमुर्धं. कुणी मोठ्याने बोललं की माझ्यावरच ओरडतंय असं वाटायचं.

पहिल्याच आठवड्यात मी फोनवर आईशी बोलत होतो, तर मागून आवाज आला, "काय पा, तूं मराठी?"

आण्णा शोरूमच्या मागच्या शेडमध्ये गाड्यांना जादा सामान बसवायचे. त्यांच्या घरात कित्येक पिढ्या हीच मराठी. देवनागरी वाचता यायची नाही, पण बोलायचे आपले पणजोबा बोलत असतील तसं. माझं बोलणं त्यांना झेपायचं नाही. "हळू, हळू! तुझें मराठी ऐंशीच्या वर जातें. शेंपटी उघडेल."

हा विनोद कळायला आधी शेपटी कळली पाहिजे.

आमच्याकडे टेस्ट ड्राइव्हला एकाच मॉडेलच्या दोन एसयूव्ही होत्या. एकीला छताच्या शेवटी पक्का बसवलेला स्पॉयलर, म्हणजे वाऱ्याला वळण लावणारी आडवी पट्टी. दुसरीचा छतात लपलेला; गाडी ऐंशीच्या वर गेली की आपोआप मागे सरकून बाहेर येई आणि वेग उतरला की परत आत. आण्णांच्या भाषेत एक स्थिर शेपटी, एक हलती. आमचे मालक, ज्यांना सगळे मुदलाळी म्हणत, त्यांचा जीव हलतीवर. गिऱ्हाईक आलं की ते बटण दाबून शेपटी आतबाहेर करून दाखवायचे. मुलं टाळ्या वाजवायची, बाप तिची जादा किंमत विचारायचा.

आण्णा टाळ्या वाजवत नसत. त्यांच्या खिशात केळीच्या सोपटाचे धागे असायचे. त्यांच्या घरी काकू, म्हणजे त्यांची बायको, रोज पहाटे मोगऱ्याचे गजरे बांधायच्या, त्यातले उरलेले. वितीएवढे तुकडे ते मागच्या काचेवर बाहेरून चिकटपट्टीने लावायचे आणि मला बायपासला गाडी काढायला सांगायचे. मग सुरू व्हायचं समालोचन.

"साठ. सारे नाचताहेत. सत्तर. अय्यो, पिशाच्च लागलें! आतां ऐंशी कर... उघडली. पाहा, पाहा, निजले! दोन निजले!"

धागा नाचतो तिथे वारा गोंधळतो आणि गाडीला मागे ओढतो. निजतो तिथे वारा सुखाने निघून जातो आणि बॅटरी थोडी जास्त पुरते. काचेवर धूळ बसते तीही त्याच गोंधळाने मागे वळून येते. हे सगळं मला शाळेने शिकवलं नव्हतं. शाळेचा काय दोष, मीच थांबलो नव्हतो. आण्णांनी दोन महिन्यांत शिकवलं. कुणी काहीही ठाम सांगितलं की ते एकच विचारायचे, "वाऱ्याला विचारलेंस कां?"

उभी हयात त्यांनी बसच्या बॉड्या बांधल्या होत्या. एकदा सरकारी बसच्या मागे थांबलो असताना म्हणाले, "हें पाहा. चाळीस वर्षें मीं गाड्यांच्या मागें भिंती बांधल्या. बिचारें वारें."

आता माझी चूक सांगतो.

आपल्याकडे खंडेनवमी, इथे आयुधपूजा. माझ्या कच्च्या नोकरीचा सहावा महिना चालू. मुदलाळींच्या नजरेत भरावं म्हणून मी पहाटेच जाऊन दोन्ही गाड्या धुतल्या, चंदन लावलं, चाकाखाली लिंबं ठेवली. गावी ट्रॅक्टरला पुढे आणि मागे, दोन्हीकडे माळा घालतात. इथे पुढेच होत्या. मला मागची बाजू ओकीबोकी वाटली. हलती शेपटी बटणाने बाहेर काढली आणि झेंडूच्या दोन माळा आणून दोन्ही शेपट्यांना करकचून बांधल्या. सगळ्यांनी फोटो काढले. मुदलाळी हसलेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी दसरा. पापनाशमच्या एक डॉक्टरबाई गाडी बघायला येणार होत्या, हलतीच घ्यायची असं जवळजवळ ठरवूनच. मी घाईने माळा ओढून काढल्या. बाई गाडी चालवायला बसल्या, मी शेजारी, मागे आण्णा. आरशात त्यांना आण्णांची पाठ आणि शेंडी दिसली.

"ते कोण? रुसलेत का?"

"नाही मॅडम, कामावर आहेत."

बायपासला ऐंशी झाले आणि मागे कर्र असा आवाज आला. पडद्यावर नारिंगी खूण पेटली. शेपटी अर्धी बाहेर, अर्धी आत. आण्णांचं समालोचन बंद.

शोरूमला परत आलो तर मुदलाळींचा चेहरा लाल. "मोटर गेली! कंपनीने खराब माल पाठवलाय. इंजिनियरला बोलावतो, त्यांच्याकडूनच भरून घेतो." बाईंना त्यांनी कॉफी देऊन आत बसवलं.

शेडमध्ये आण्णांनी फटीत चिमटा घातला आणि हळूहळू काहीतरी ओढून काढलं. केळीच्या सोपटाचा लांब धागा, त्याला चार चुरगळलेल्या झेंडूच्या पाकळ्या. बटण दाबलं. शेपटी आत गेली, बाहेर आली. मोटरला काही झालं नव्हतं. अडकलं कळताच तीच शहाण्यासारखी थांबली होती.

आण्णांनी तो धागा माझ्या तळहातावर ठेवला.

"स्थिर शेंपटीला माळ चालते. हलतीला चालत नाहीं. मींच तुज सांगितलें नाहीं."

"आण्णा, हा टाकून देऊ? नीट झाली म्हणून सांगू?"

"तुझ्या हातांत आहे. टाकलास तर मीं पाहिलाच नाहीं."

"नोकरी जाईल हो माझी. परत त्या धुरात..."

"जाईलही," आण्णा म्हणाले. "पण मुदलाळी उद्या कंपनीशीं भांडेल. मग इंजिनियर येईल, पाकळी शोधील. त्या वेळीं तुझें तोंड कसें होईल, तें पाहूं नये असें मज वाटतें."

शेडपासून मुदलाळींच्या खोलीपर्यंत वीस पावलं असतील. ती मी कशी चाललो ते मला विचारू नका. टेबलावर धागा ठेवला आणि मोडक्या तमिळमध्ये सगळं सांगितलं. मुदलाळींनी जे तोंड सोडलं त्यातलं निम्मं मला कळलं नाही, हे माझं भाग्य. शेवटचं कळलं: "उद्यापासून येऊ नकोस."

डॉक्टरबाई बाजूलाच कॉफी घेऊन बसल्या होत्या. त्यांनी दारात उभ्या असलेल्या आण्णांना विचारलं, "तुम्ही सांगा, मी कुठली घेऊ?"

मुदलाळींनी डोळ्यांनी आण्णांना काय काय सांगितलं! आण्णांनी शांतपणे तमिळमध्ये विचारलं, "अम्मा, रोज कुठे जाता?"

"पापनाशम ते तंजावूर. दवाखाना आणि घर."

"आणि चेन्नईला?"

"वर्षातून एकदा. रेल्वेने."

"मग स्थिर घ्या. तुमच्या रस्त्यावर भात वाळत घातलेलं असतं, म्हशी असतात. ऐंशी कुठून होणार? हलती शेपटी झोपूनच राहील. रोज लांबचा पल्ला मारणाऱ्याला ती हवी."

मग बाई हसल्या. "जिथे ड्रायव्हर स्वतःची चूक टेबलावर आणून ठेवतो आणि म्हातारा स्वस्तातली गाडी घ्या म्हणतो, तिथे मला दुसरं काही विचारायचं नाही. स्थिर द्या. आणि माझा भाऊ दर आठवड्याला चेन्नईला जातो, त्याला हलती दाखवायला हाच ड्रायव्हर पाठवा."

मुदलाळींनी माझ्याकडे बघितलं, धाग्याकडे बघितलं. "उद्या ये," ते म्हणाले. "पण यापुढे गाडी देताना माळ कुठे बांधायची हे प्रत्येकाला तू सांगायचंस."

ते मी आजही सांगतो. नोकरी पक्की झाली. आईला फोन केला तेव्हा रडायला आलं, शेजारी आण्णा धागे मोजत बसले होते, म्हणाले, "हळू, ऐंशीच्या वर गेलास."

मागच्या पोंगलनंतर, म्हणजे आपल्या संक्रांतीनंतर, आण्णांची मुलगी त्यांना आणि काकूंना कोइम्बतूरला न्यायला आली. मोतीबिंदूने आण्णांना धागे नीट दिसेनासे झाले होते. शेवटी शेवटी तेच मला विचारायचे, "निजले कां नाचताहेत?" आणि मी आरशात बघून सांगायचो.

निघताना काकूंनी माझ्या हातात मोगऱ्याची माळ दिली, मागे बांध म्हणाल्या. मी मुलीच्या गाडीचं छत आधी हाताने चाचपलं.

"आण्णा, ही स्थिर आहे."

"वाऱ्याला विचारलेंस कां?" ते हसले. "बांध, बांध."

गाडी सुरू झाली आणि मागच्या काचेत आण्णा दिसले. गुडघे टेकून, आमच्याकडे तोंड करून. काकू त्यांची वेष्टी ओढत काहीतरी बोलत होत्या, पट्ट्याचंच असणार. इथून जाणाऱ्या बाकी सगळ्यांची मी पाठ पाहिली आहे. आण्णा मात्र वळणापर्यंत मला पाहत राहिले. आणि त्यांच्या चेहऱ्यासमोर, काचेवर, माळेचं सुटं टोक नाचत होतं.