कपाळापुरता भंडारा

आमच्या गावात आता असं सांगतात, की माझ्या नातीचा मेलेला दात बिरोबाच्या भंडाऱ्यानं जगवला. लोक देवळात मला थांबवून विचारतात आणि मी आजवर नुसता हसून पुढे जात आलो. पण वय झालं. देवाच्या नावावर खोटं राहू नये, म्हणून हे लिहितो आहे.

स्वरा दुसरीत होती. सुट्टीत सोलापूरहून मळ्यावर आली, तेव्हा हौसेनं मीच तिला थोरल्या मेंढ्याच्या पाठीवर बसवलं. मेंढा उसळला आणि पोर तोंडावर पडली, मेंढरांच्या पाण्याच्या दगडी डोणीवर. वरच्या पुढच्या दाताचा तुकडा माझ्या तळहातावर आला. एवढंसं लेकरू, मला वाटलं दुधाचाच दात. आमच्या रीतीप्रमाणे मी तो पत्र्यावर भिरकावला आणि म्हणालो, "आता नवा येतोय बघ." उरलेल्या दाताच्या मधोमध लाल ठिपका दिसत होता. त्यावर चिमूटभर भंडारा दाबला, आणि ती मळ्यावर होती तोवर रोज दाबत राहिलो. सुनेला सांगितलं, पळताना पडली. स्वराला बजावलं, मेंढ्याचं आणि भंडाऱ्याचं घरी बोलायचं न्हाय. तिनं शहाण्यासारखी मान हलवली. ती हललेली मान मला नंतर कितीतरी दिवस दिसत राहिली.

पुढे हिरडीवर पुवाचा फोड आला. सुनेबरोबर मीही सोलापुरात दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. "आजोबा, हा दुधाचा नाही, कायमचा दात आहे. आतून मेलाय. पण मूळ अजून पुरतं तयार झालेलं नाही, टोक उघडंच आहे. मोठ्या माणसांसारखं रूट कॅनल करून भरायला गेलं तर मसाला खालून बाहेर जाईल. म्हणून आतून धुऊन औषध ठेवायचं. फोड बसला, की मुळाच्या टोकाशी थोडं रक्त आत येऊ द्यायचं आणि वरून बंद करायचं. त्या रक्ताच्या आधारानं मूळ वाढू शकतं. पण आत घाण राहिली तर नाही. यात कुणी काही भरलं होतं का?"

"पेन्सिलीनं टोकरलं असंल," सून चिडून म्हणाली. "काय घातलंस गं? बोल की!"

स्वरानं माझ्याकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले. मी पाणी पिऊन येतो म्हणून बाहेर आलो.

बाहेरच्या खोलीत दुपारचं ऊन पडद्यातून पिवळं होऊन उतरलं होतं. लवंगेचा वास येत होता. मी डोळे मिटले. जाग होती की झोप, सांगता येत नाही. मळ्यातला पत्रा दिसत होता, त्यावर तो इवला तुकडा चांदणीसारखा चमकत होता, आणि खाली सगळी मेंढरं माना वर करून त्याच्याकडे बघत होती. एकही आवाज करीत नव्हतं.

"भंडारा हाय व्हय?" शेजारी एक म्हातारी येऊन बसली होती. माझ्या हातातल्या भंडाऱ्याच्या पिशवीकडे बघत म्हणाली, "द्या की जरा. आत जायचं लई भ्या वाटतंय." मी मूठभर पुढे केला. ती खुदकन हसली. "एवढा? दाढंत भरायचाय व्हय? कपाळापुरता बास की, बाबा."

तिनं बोट टेकवलं, कपाळाला लावलं आणि डोळे मिटून घेतले. मी उठलो आणि आत जाऊन उभ्या उभ्याच बोललो, "बाई, भंडारा मी भरला. मेंढ्यावर बी मीच बसवलं. पोरीचा काय दोष न्हाय."

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. "आप्पा, किती बोलले हो मी तिला!" एवढंच म्हणाली. स्वरा मात्र खुर्चीत उठून बसली, जणू कोंडलेलं वासरू सुटलं. "आई, मेंढा लई उडाला होता गं!" डॉक्टरीणबाई हसल्या. "बरं झालं सांगितलंत. आता नीट बघून धुते. घाई करायची नाही."

बाहेर आलो तेव्हा म्हातारीची खुर्ची रिकामी होती, खुर्चीच्या हातावर पिवळं बोट उमटलेलं. तिचा नंबर लागला असेल. मी चौकशी केली नाही.

बऱ्याच महिन्यांनी नवा एक्स-रे काढला. उघडं टोक मिटत आलं होतं, मुळाच्या भिंती जाड झाल्या होत्या. "जागा आम्ही स्वच्छ केली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वाढलं ते आपलं आपण."

तेव्हा भंडाऱ्यानं दात जगवला, असं कुणी म्हणू नये. दात बाईंच्या हातानं आणि पोरीच्याच रक्तानं जगला. माझ्यावर झाली ती कृपा वेगळी. देवाच्या आड लपून बसलेल्या मला त्यानंच ओढून पुढे उभं केलं. आता देवळात गेलो की काही मागत नाही. माझ्याकडून जे सांगायचं राहिलं असेल ते त्याला सांगतो, भंडारा कपाळापुरता घेतो, आणि बाकीचं त्याच्यावर सोडून निवांत घरी येतो.