बा गोरा झाला त्याची गोष्ट

आमचा बा वारल्यानंतर गोरा झाला.

यात चमत्कार काही नाही, हात माझा आहे. मी कारंज्यात लग्नाचे फोटो काढतो. वाशीम जिल्ह्यातल्या कितीतरी संसारांची सुरुवात माझ्या डोळ्यांदेखत झाली आहे (पुढचं ज्याचं त्यानं पाहावं!). नवरदेव आदल्या दिवशीपर्यंत उन्हात सोयाबीन कापत असला, तरी माझ्या अल्बममधून तो दुधात बुडवून काढल्यासारखाच निघतो. नवरीच्या कपाळावरचा लहानपणीचा टाका, मामाच्या गालावरचे देवीचे व्रण, आत्याची दुसरी हनुवटी, सगळं माझ्या बोटाखाली नाहीसं होतं. आजवर एकाही गिऱ्हाइकानं येऊन "माझा मस परत द्या" असं म्हटलेलं नाही. पहिली तक्रार आली ती माझ्या सख्ख्या मायची.

आधी बाबद्दल सांगतो. बा रिठदला शेती करायचा. पंच्याहत्तरी गाठेपर्यंत तो रिसोडच्या बाजारापलीकडं फारसा गेला नव्हता. मग सरकारनं पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट केली आणि आमचा बा हातातून गेला! सकाळी भाकर खायची, खिशात आधार कार्ड, काखेत पिशवी, की निघाला फाट्यावर.

"कुठं चालले?" माय ओरडायची.

"बस कुठं चालली थे पाह्यतो, मंग सांगतो!"

संध्याकाळी यायचा. कधी नांदेडहून, कधी पुसदहून. एकदा केवळ माझ्या दुकानासमोरचा चहा प्यायला रिठदहून कारंज्याला आला, "आज चाय जमला नाई बुवा" म्हणाला आणि त्याच बसनं परत गेला. माय विचारायची, "एवढ्या लांब जाऊन पाह्यलं तरी काय?"

"रस्ता."

बाचा भूगोल सोपा होता. लाल बस जाते तिथवर आपलं गाव, त्याच्यापुढं परदेश. एक दिवस कुण्या कंडक्टरनं त्याला सांगितलं, की लाल बस पार समुद्रापर्यंत जाते. झालं! बा घरी येऊन मायला म्हणाला, "आखाजी होऊ दे. तुले समुद्र दाखवतो. तुले अर्धं तिकीट, मले फुकट. एवढा सस्ता समुद्र कोनाले भेटते?" मायनं पिशवी धुऊन ठेवली. तिनं आयुष्यात कुठं जायचं म्हणून पिशवी धुतली ती तेव्हाच.

बा पौषात गेला. पौषात लग्नं नसतात. जाताना सुद्धा त्यानं माझा सीझन सांभाळला.

तेरवीला घरात बाचा धड फोटो नव्हता. दुनियेचे फोटो काढणाऱ्याच्या घरी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून हार घातला. त्यात बा असा दिसत होता, की येणारा प्रत्येक पाहुणा हात जोडायच्या आधी दोन पावलं मागं सरकत होता.

"विनातिकीट धरल्यावानी दिसून राह्यले," माय म्हणाली. "आखाजीले तरी एखादा चांगला फोटू आन बापा."

आमच्याकडं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांना जेवू घालतात. मातीची घागर भरायची, पुरणपोळी, कुरडया, चिंचवणी करायची, पान मांडायचं आणि गेलेल्याच्या नावानं निखाऱ्यावर घास टाकायचा. घरातलं माणूस जाऊन वर्ष झालेलं नसेल, तर ती त्याची पहिली आखाजी. मायचा जीव त्या पहिल्या पानात अडकला होता. आणि आखाजी म्हणजे मुहूर्त! त्याच दिवशी दुपारी रिसोडला एक लग्न माझ्याकडं होतं.

खरं तर माझ्याजवळ बाचा एक फोटो होता (तेरवीच्या गडबडीत आठवला नाही). चहासाठी आला होता त्याच दिवशीचा. मी नवीन लाईट तपासत होतो, समोर बसायला तोंड हवं होतं. "बा, बस जरा इथं." "माही बस निंगून जाईन ना बे!" म्हणत तो टेकला, मान दाराकडं वळलेली, अर्धवट हसू, आणि मी बटण दाबलं. माझ्या अख्ख्या धंद्यातला सगळ्यात चांगला फोटो तो.

तर ऐन सीझनमध्ये, एक हळद आणि दोन रिसेप्शनच्या मध्ये, मी तो फोटो काँप्युटरवर उघडला. आणि मला रडू आलं. इथंच घात झाला! डोळे रडत होते आणि हात काम करत होते. हातांना सवय. नाकावरचा मस गेला. सुरकुत्यांना इस्त्री झाली. पांढरी खुंटं उडाली, पुढचा पडलेला दात उगवला. रंगासाठी माझ्याकडं नवरदेवांची एक ठरलेली सेटिंग आहे, तीही लागली. मागं दुकानाची भिंत दिसत होती. ती काढून, बाची इच्छा होती म्हणून, एका प्री-वेडिंगमधला समुद्र लावला. डोळे पुसले, पाहिलं आणि म्हटलं, वा! सेव्ह केलं. त्याच नावानं, त्याच जागी. मूळ फोटो ज्या कार्डात होता, ते कार्ड कधीच पुसून पुढच्या लग्नाला गेलं होतं.

आखाजीला सकाळीच मी आणि बायको शोभा फ्रेम घेऊन रिठदला पोचलो. घरात पुरणाचा वास. नामदेवकाका, म्हणजे बाचा धाकटा भाऊ, घागरीला सूत गुंडाळत बसला होता. मायनं हात पदराला पुसले आणि फ्रेमवरचा पेपर काढला. बराच वेळ पाहिलं.

"हा कोन होय?"

"माय, बा होय ना!"

"कोनाचा?"

काकानं चष्मा लावला. "चेहरा वळखीचा वाटून राह्यला बुवा. वैनीच्या माहेरचं कोनी असन."

"माह्या माहेरी इतकं गोरं कोनी नाई," माय म्हणाली. "त्याइच्या नाकावरला मस कुठं हाये?"

"काढला."

"काहून? त्याइनं जन्मभर नाई काढला, तुले काय नडला?"

शोभा माझ्या कानात म्हणाली, "म्या म्हनलं होतं, जास्त हात मारू नका." (असं ती काही म्हणाली नव्हती. पण बायको असं नेहमीच आधी म्हटलेली असते.)

"अन् हे मांगं पानी कायचं?" मायनं विचारलं.

मला वाटलं, आता सुटलो. मी मोठ्या प्रेमानं म्हणालो, "समुद्र, माय. बाले पाहाचा होता ना, म्हून लावला."

मायनं फ्रेम हळूच भिंतीला टेकवली.

"मंग एकटेच गेले?" ती म्हणाली. "मले नाई नेलं?"

काकाच्या हातातलं सूत थांबलं. मी फोटोग्राफरसारखं बोललो, "तुले बी बाजूले लावून देतो ना, दोन मिनटाचं काम हाये." इतकी मूर्ख वाक्यं माणसाला आयती कशी सुचतात कोण जाणे!

"मले काई लावू नको," माय म्हणाली. "ज्याले मी वळखत नाई, त्याच्यापुढं पान कसं मांडू? मूळचा फोटू आन."

"मूळचा नाई राह्यला, माय."

"म्हंजे?"

"ह्याच फोटूले बदलवलं मी."

मायनं माझ्याकडं पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"म्हंजे अजून एक खेप गेले म्हन."

वाट शोभानं काढली. "बा तुमच्या लग्नाईत यायचे ना? एखाद्यात तं असतीनच!"

खरंच! माझं लग्नकाम लाल बसच्या रस्त्यावर असलं, की बा हटकून हजर. काम माझं, पंगत बाची. आणि बाकी काहीही पुसलं, तरी लग्नांचे मूळ फोटो मी वेगळ्या डिस्कमध्ये जपून ठेवतो (गिऱ्हाईक भांडायला येतं तेव्हा लागतात!). लॅपटॉप आणि डिस्क रिसोडच्या कामासाठी सोबतच होती. पुरणाचं पातेलं बाजूला सरकवून आम्ही चौघं लॅपटॉपपुढं बसलो.

बा होता. सगळीकडं होता! नवरीच्या खांद्यामागं जिलेबी धरलेला एक हात. हळदीत अर्धी टोपी. सप्तपदीच्या पाठीमागं नुसती पाठ. एका ग्रुप फोटोत सगळे कॅमेऱ्याकडं पाहतायत आणि बा पंगतीकडं.

"पन अल्बममंधी तं हे कुठं दिसले नाईत," शोभा म्हणाली.

"लोक म्हनत, मांगचा म्हातारा काढून टाका."

"मंग?"

"काढला."

"चांगले काढले. पत्ता लागत नाई," शोभा म्हणाली. काम सफाईदार होतं, यात वाद नव्हता. माय मात्र पडद्याकडंच पाहत राहिली.

किन्हीराजा गावचं एक लग्न आलं. फुलं लावलेल्या गाडीतून नवरदेव उतरतोय. मी पुढचा फोटो काढायला बोट उचललं, तशी माय ओरडली, "थांब!"

वरातीपायी मागं एक लाल बस अडकून उभी होती. खिडकीतून एक म्हातारा अर्धा बाहेर आलेला. काळाभोर. नाकावर मस, पडलेला दात दिसेल इतकं हसू, आणि हात वर करून तो थेट कॅमेऱ्याकडं पाहत होता. म्हणजे माझ्याकडं. तो मला हाक मारत होता आणि मी नवरदेवाचा फेटा पाहत होतो.

मायनं मसावर बोट ठेवलं. "हे पाहा. हे होय तुहे बा."

"कुठं चालले असतीन?" शोभानं विचारलं.

"बस चालली तिकडं," काका म्हणाला.

नुसता बा कापून मोठा करायला गेलो तर चेहऱ्याचे ठोकळे झाले. शिवाय रिठदला छापणार कुठं? शेवटी अख्खा लॅपटॉपच पाटावर ठेवला. हार घातला. पान मांडलं.

"ह्या नवरदेवाचं काय करू?" काकानं विचारलं. "हा तं जित्ता हाये!"

"त्याले बी वाढा. वरातीतला मानूस उपाशी कायले ठेवता?" माय म्हणाली.

मायनं डोळे मिटून हात जोडले आणि तेवढ्यात पडदा काळा झाला.

"गेले!" काका किंचाळला.

"कुठं नाई गेले, बॅटरी वाचवाले बंद होते थे," मी म्हणालो. "कुठं बी बोट लाव, माय."

मायनं बोट लावलं. बा परत आला, तसाच हसत. थोड्या वेळानं पुन्हा गेला. पुन्हा मायनं बोट लावलं. तो पडदा बंद न होण्याची सोय आहे, एका बटणाचं काम आहे, ते मला चांगलं येतं. पण प्रत्येक वेळी बा आला, की मायचं तोंड असं काही होत होतं, की मी त्या बटणाला हात लावला नाही. तिच्या बोटाला लागलेलं पुरण आणि चिंचवणी कळफलकावर सांडत होती. सांडू दिली.

निखाऱ्यावर घास पडला आणि माझा मोबाईल वाजला. रिसोडहून नवरीचा बाप. मी उचलायच्या आत मायनं उचलला.

"फोटोवाले कुठं हायेत? वऱ्हाड आलं ना!"

"थांबा जरा," माय म्हणाली. "त्याचे बा जेवून राह्यले."

मी मंगलाष्टकं संपता संपता पोचलो. आता नवरीचा बाप चारचौघांत सोलून काढणार, याची तयारी करूनच मांडवात शिरलो. तो जवळ आला, माझा चेहरा पाहिला आणि एवढंच म्हणाला, "जेवले का बा तुमचे?"

"जेवले," मी म्हणालो. त्या लग्नाचे पहिले काही फोटो धूसर आहेत. लेन्सवर वाफ धरली होती, असं मी सांगून टाकलं.

आता किन्हीराजाचा तो फोटो रिठदच्या भिंतीवर आहे. फोकस अर्थातच नवरदेवावर आहे. नवीन माणूस विचारतो, हा फेटेवाला कोण? माय सांगते, "त्याइच्या वळखीचा हाये कोनी." गोरा बा मी दुकानात आणून ठेवला. गिऱ्हाइकांना फार आवडतो. "असाच करा," म्हणतात.

आणि परवा माय समुद्राला निघाली. "सीझन संपला की मी नेतो," म्हणालो, तर ती खळखळून हसली. नामदेवकाका (तोही आता फुकटात बसतो), काकू आणि धुतलेली पिशवी. पिशवीत त्या फोटोची छोटी प्रत, नवरदेवासकट. वाशीमच्या स्टँडवर ती खिडकीशी बसली. मी कॅमेरा काढला, तसा तिनं तोंडावर पदर घेतला.

"राहू दे बापा. तू मले गोरी करशील. मंग तुहे बा मले वळखाचे नाईत."

बस हलली. तिनं पदर काढून हात वर केला, आणि तेवढ्यात मी फोटो काढलाच. हललेला आला आहे. मी त्याला हात लावलेला नाही.