मोहाचा कोळसा

जिजाचा एकाच गोष्टीवर पक्का विश्वास होता: कुणावर विश्वास ठेवायचा नाही. पळसदरीच्या वरच्या कातकरवाडीतून ती रोज कर्जतच्या कॉलेजात झाडलोट करायला येई, आणि तिथे काहीही हरवलं की आधी तिचीच पिशवी उलटी होई. नऊ वर्षांत त्या पिशवीत भाकरीशिवाय काही सापडलं नव्हतं, तरी.

त्यामुळे प्रयोगशाळेतल्या सुरभी मॅडमनी मोहाची सुकी फुलं मागितली तेव्हा तिने आधी दाराकडे बघून घेतलं. कातकरणीच्या हातात मोह दिसला की बघणाऱ्याला दारूच दिसते. कशाला हवीत, असं विचारलं तर मॅडम म्हणाल्या, कोळसा करायचाय. डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक कण, आणि तेही नुसत्या गरम पाण्यात, जाळ न लावता.

जिजाचं लहानपण आईबापाबरोबर कोळशाच्या भट्ट्यांवर गेलं होतं. लाकूड मातीखाली दिवसेंदिवस धुमसतं, तेव्हा कुठे कोळसा पडतो. पाण्यात म्हणे कोळसा! बाई आपल्याला बनवतेय, हे तिने ओळखलं. तरी फुलं आणून दिली. नाही म्हणायची सोय नव्हती.

मग रोज फरशी पुसताना ती तिरक्या डोळ्याने बघत राही. गरम पाण्याच्या भांड्यात बाटली, बाटलीत तपकिरी पाणी, वर चिठ्ठी: ‘मोह’. तेवढी अक्षरं तिला लागत होती. चौथ्या दिवशी शिपाई आबाजी नाक फेंदारून म्हणाला, इथे मोहाचा वास कुठून येतोय गं? झालं. नोकरी गेलीच, असं जिजाला वाटलं. त्याची पाठ वळताच तिने बाटली उचलली आणि बेसिनकडे निघाली.

तेवढ्यात दारात सुरभी. ती रागावली नाही. बाटली हातातून घेतली, पडदे ओढले आणि जांभळ्या उजेडाची बॅटरी लावली. तपकिरी पाणी निळंशार उजळलं. हा उजेड दिसला की कण तयार झाले, असं ती म्हणाली.

जिजा बघतच राहिली. भट्टीतून पांढरा धूर येतोय तोवर लाकूड कच्चं. निळा निघाला की तिचा बाप म्हणे, कोळसा झाला, आता भट्टीची भोकं बुजवा.

“निळं आलं,” ती हळूच म्हणाली. “मंग झाला तुमचा कोळसा.”

मग तिने बापाच्या भट्टीचा निळा धूर सांगितला, तेव्हा सुरभीला हे सगळं वहीत लिहून घ्यायचं होतं. भट्टी कशी रचायची, धूर कधी बदलतो, किती विचारू नि किती नको असं तिला झालं. जिजाची नजर मात्र चिठ्ठीवरून हलत नव्हती.

“मॅडम, आधी ती चिठ्ठी काडा,” ती म्हणाली. “कोळसा लिवा. कोळशासाठी आमची झडती नाय घेत कोनी.”