रेवतीची तात्पुरती ओळ

मुलुंडची रेवती प्रभुदेसाई कुकरच्या शिट्ट्या मोजायलासुद्धा घरच्यांवर विश्वास ठेवायची नाही. अंधेरीतल्या एका छोट्या कंपनीत ती वीस वर्षं प्रोग्राम लिहीत होती. उपनगरांतल्या बत्तीस लॅबमधले रक्त-लघवीचे रिपोर्ट कंपनीच्या सर्व्हरवर यायचे आणि तिथून डॉक्टरांकडे जायचे. ही ने-आण करणारी लायब्ररी, म्हणजे सगळ्या प्रोग्रामांनी वापरायचा सामायिक कोड, रेवतीनेच लिहिलेली. आणि घोळ नेमका त्याच कोडात, तिच्याच हातून झाला होता.

सहा वर्षांपूर्वी एका डेमोच्या दिवशी टेस्ट सर्व्हरचं सर्टिफिकेट, म्हणजे त्याचं डिजिटल ओळखपत्र, काही केल्या जुळेना. पाहुणे येऊन बसलेले. रेवतीने लायब्ररीत एक ओळ टाकली: समोरचा सर्व्हर खरा आहे की नाही, ते तपासू नकोस. शेजारी शेरा मारला, ‘तात्पुरतं’. डेमो झकास झाला, सगळे जेवायला गेले आणि ओळ तिथेच राहिली. पुढे लिहिलेल्या प्रत्येक प्रोग्रामने तीच खोड उचलली. मध्येच कुणी तोतया सर्व्हर बसवला असता, तर लोकांचे रिपोर्ट निमूट त्याच्या हातात पडले असते.

सहा वर्षांनी जुना कोड चाळताना ती ओळ रेवतीला दिसली. तिने दोन दिवस जुन्या नोंदी पालथ्या घातल्या. वाईट काही सापडलं नाही. पण सापडलं नाही म्हणजे झालं नाही असं नव्हे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. गुपचूप ओळ पुसता आली असती. तिने मालकाला, धवलला, जाऊन सांगितलं.

“सहा वर्षं चाललंय ना? मग हात कशाला लावतेस?” धवल म्हणाला. कंपनी दोघांनी एकाच टेबलावर बसून सुरू केलेली, त्यामुळे भांडण मोकळेपणी झालं. शेवटी ठरलं: शनिवारी डिफॉल्ट बदलायचं. कुणी सांगो न सांगो, सर्टिफिकेटची तपासणी आपोआप होणार. पण पाच वाजता एक जरी लॅब अडकलेली असली, तर सगळं पूर्वीसारखं.

शनिवारी एकतीस लॅब बिनतक्रार चालल्या. अडकली ती विक्रोळीची. साडेतीन वाजले होते.

“तेवढ्या लॅबपुरतं बंद कर ना यार,” धवल खुर्चीमागे उभाच.

“एकदा तेवढ्यापुरतंच केलं होतं. पाचपर्यंत थांब.”

तिने विक्रोळीच्या टेक्निशियनला, दत्तारामला, फोन लावला. स्क्रीनवर काय लिहिलंय विचारलं.

“सर्टिफिकेटची मुदत अजून सुरूच झाली नाही म्हणतोय, मॅडम.”

“दत्ताराम, कॉम्प्युटरवर आज तारीख काय आहे?”

“एक जानेवारी दोन हजार दहा,” दत्ताराम सहज म्हणाला. “मेन स्विच बंद केला की रोज तिथेच जातो. मी छापलेल्या रिपोर्टवर पेनाने खोडून बरोबर लिहितो ना. दोन वर्षं झाली.”

“दोन वर्षं? आणि एका शब्दाने बोलला नाहीत?”

“तुम्ही ओरडाल म्हणून.”

ओरडायला उघडलेलं तोंड रेवतीने मिटलं. दोन हजार दहात अडकलेल्या कॉम्प्युटरला आजचं सर्टिफिकेट पुढच्या काळातलं वाटत होतं. तिने फोनवरच तारीख बदलून घेतली, तारीख लक्षात ठेवणारा आतला बटन सेल बदलायला सांगितलं. चार वाजून वीस मिनिटांनी विक्रोळीचा पहिला रिपोर्ट आला आणि रेवतीला इतकं हलकं वाटलं की ती पँट्रीत जाऊन चक्क रडली. धवलने कटिंग चहा आणून दिला.

मग तिने बदलांच्या नोंदीत लिहिलं: ‘ही चूक सहा वर्षांपूर्वी मी केली. आता दुरुस्त केली. रेवती.’

“नाव कशाला? क्लायंट वाचतात.”

“वाचू देत. ओरडा बसेल म्हणून दत्ताराम दोन वर्षं पेन घेऊन बसला होता, धवल.”

सोमवारी सकाळी मुकुल तिच्या टेबलाशी आला. मुकुल ऑफिसातला दुसरा जुना प्रोग्रामर. आजवर चूक कबूल केल्याची त्याच्या नावावर एकही नोंद नव्हती. त्याने खुर्ची ओढली, इकडेतिकडे पाहिलं.

“रेवती, पासवर्डच्या कोडमध्ये माझीपण एक ओळ आहे गं. चार वर्षं झाली.”

रेवतीने स्क्रीन त्याच्याकडे वळवली. “दाखव,” ती म्हणाली, आणि मुकुलने केवढा तरी मोठा श्वास सोडला.