वाडीला दाखवून ये

विमानतळावर जायची गाडी दारात उभी होती आणि आई म्हणाली, "पासपोर्ट वाडीला दाखवून ये." ड्रायव्हर हसला. आईनं मला खांदे धरून डोंगराकडं वळवलं. मी पासपोर्ट उघडून फोटोचं पान तिकडं धरलं, मग बॅगेत टाकला आणि निघालो.

आमच्या घरात नवीन काही आलं की आधी वाडीला दाखवायचं. बारशाचं पोर, नवी नवरी, भावाची मोटारसायकल. माझा आठवीचा निकालसुद्धा दाखवला होता. त्यानंतर मी शाळेत गेलो नाही, ती गोष्ट वेगळी.

वाडी म्हणजे पायरवाडी. आंबीतल्या तुम्हा सगळ्यांना हे नाव ठाऊक आहे. यात्रेत मानाच्या वाड्या पुकारतात त्यात शेवटचं. गुरव "पायरवाडी" म्हणतो आणि आमचे आबा, म्हणजे माझे वडील, एकटेच "हजर" म्हणून पुढं होतात, नारळ घेतात. आबांच्या आजोबांच्या काळात ती वाडी उठली. एक घर आंबीला आलं, एक लोणावळ्याला तुंगार्लीत गेलं. आंबीनं जागा दिली, कसायला रान दिलं, पंगतीला शेजारी बसवलं. हे उपकार आबा अजून बोलून दाखवतात आणि मीही विसरलेलो नाही. पण वाडी नेमकी कुठं होती ते आबांनाही माहीत नव्हतं. त्यांच्या वडिलांनी हात करून "तिकडं" एवढंच सांगितलेलं.

मस्कतला मी सर्व्हेच्या टीममध्ये हेल्पर आहे. मोजणीचं मशीन सर चालवतात, मी लांब उन्हात काठी धरून उभा राहतो. सर केरळचे. इंग्रजी येत नाही म्हणून मला हाकलता आलं असतं, त्यांनी जवळ बसवून शिकवलं. दोन ठाऊक जागांवरून एकाच गोष्टीकडं बघितलं, की त्या दोन रेघा जिथं छेदतात तिथं ती गोष्ट असते. हे मला त्यांच्यामुळं कळलं. तरी इतकी वर्षं झाली, घरून अवेळी फोन आला की आधी सगळे बरे आहेत ना, तेच विचारतो.

तसाच फोन गेल्या वर्षी आला. भाऊ नवलाख उंबऱ्याला कंपनीत आहे, शिफ्टवरून सुटल्या सुटल्या त्यानं लावला होता. यात्रेच्या मीटिंगमध्ये कुणीतरी विचारलं, "ही पायरवाडी हाय तरी कुटं? मॅपवर तर घावत न्हाई." दुसरा म्हणाला, "आबांच्या खिशात आसल." सगळे हसले, आबाही हसले. पण घरी येऊन जेवले नाहीत. म्हणाले, "मी हाय तवर पुकारतील. माझ्या मागं कोण हजर म्हणायचं, आन् कुटलं म्हणून?"

मी रजा मागितली. मिळाल्याबरोबर निघालो.

घरी पोचल्यावर आईला म्हटलं, "दाखवतेस तशी उभी ऱ्हा." तिच्या पाठीमागून मोबाईलवर दिशा घेतली. दुसऱ्या दिवशी तुंगार्लीला गेलो. तिथं आबांचे चुलतभाऊ, नाना, बंगले सांभाळतात. त्यांच्या घरीही अजून तीच रीत चालू होती. नानांनी तिथल्या तळ्याच्या वरच्या अंगाला बोट केलं. घरी येऊन मी मॅपवर दोन्ही रेघा ओढल्या. त्या एका धरणाच्या पाण्यात छेदल्या.

आबा म्हणाले, "मंजी बुडाली म्हन की."

आई आतून पोळपाट घेऊनच बाहेर आली. "आरं, मी आता सरळ कुटं दाखवते? दाखवायची ती खिंड त्या कंपनीच्या शेडमागं ग्येली. मी शेडच्या डाव्या अंगानं दाखवते. पत्र्यातनं कसं दिसल वाडीला?"

"आदी सांगायचं न्हाई व्हय?" आबा ओरडले.

"तुमी कदी इचारलं?"

शेडच्या मागच्या खिंडीकडं नवी रेघ ओढली. ती नानांच्या रेघेला आंदर मावळात, डोंगराच्या उतारावर भेटली. आबांना चढ झेपत नाही, ते घरीच राहिले; भाऊ, नाना आणि मी गाडीवरून गेलो, पुढं पायी. वर एक धनगर मावशी शेरडं राखत होती. मी विचारलं, "मावशी, हितं कुटं पायरवाडी व्हती का?"

ती म्हणाली, "व्हती का काय? तिच्यावरच उबा हाईस की."

कारवीच्या झुडपात घरांची जोती होती. चौथऱ्यांचे दगड अजून ओळीत. त्या मावशीच्या माणसांनी ते नाव कधी सोडलंच नव्हतं, आमच्यातलंच कुणी विचारायला आलं नव्हतं. "लय उशीर केलासा," ती म्हणाली आणि शेरडांमागं निघून गेली. नानांनी चपला काढल्या. भाऊ रेंज शोधत एका जोत्यावर चढला आणि आबांना व्हिडिओ कॉल लावला. आजवर सगळं वाडीला दाखवत आलो, त्या दिवशी वाडी आबांना दाखवली. फोनमधून त्यांचा आवाज तुटत येत होता, "जरा हळू फिरव. हळू फिरव रं."

रजा संपली, यात्रा मला मिळाली नाही. पण भावानं जागेचा पिन गावच्या ग्रुपवर टाकला. खिशाचा विनोद करणारा पोरगा पहिला जाऊन आला आणि फोटो टाकले.

रूममध्ये नवीन कुणी आला, की गाव विचारतो. पूर्वी मी आंबी म्हणायचो. आजही आधी आंबीच म्हणतो, कारण तिनं आम्हाला घेतलं. मग न थांबता पायरवाडी म्हणतो. हे दुसरं नाव घेताना आधी माझा आवाज खाली जायचा, आता जात नाही. तुमच्यापैकी कुणाच्या घरी असंच नुसतं "तिकडं" असेल, तर म्हाताऱ्यांना नीट उभं करून विचारा.

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी मी आबांना फोन केला. नाना तुंगार्लीहून सगळं घर घेऊन आले होते, पोरंबाळं, सुना, सगळे. मी विचारलं, "पुकारलं का?"

"पुकारलं की."

"मग तुमी हजर म्हणला?"

"न्हाई," आबा म्हणाले. "त्यांनी मला बोलूच दिलं न्हाई. मागनं येवढा कालवा झाला, की गुरवानं कानावर हात ठेवलं. मी आपला नारळ धराया ग्येलो."