मधुमतीची साक्ष

मधुमती देवस्थळी घाबरट होती, आणि तिने ते कधी कुणापासून लपवलं नाही. मिरजेला लहानपणी दारावर पोस्टमनची थाप पडली तरी ती आईच्या पाठीमागे जाऊन उभी राहायची. लग्न होऊन डॉक्टर नवऱ्याबरोबर कार्डिफला आली, तेव्हा ही भीतीही तिच्या सामानाबरोबर आली. फोन वाजला की समोरच्याचं वेल्श वळणाचं इंग्रजी आपल्याला कळेल का, याची भीती. बसमध्ये मागच्या सीटवरची पोरं हसली की ती आपल्यालाच हसतायत का, याची भीती.

तरीही २००६च्या वसंतात तिने धीर करून एका सरकारी ऑफिसात नोकरी धरली. बेकारभत्ता मागायला आलेल्यांचे अर्ज तपासायचे आणि आठवड्यातून दोन दिवस काउंटरवर बसायचं. पहिलं वर्ष प्रोबेशनचं होतं. तिचा टीम लीडर होता गॅरेथ. मधुमती हे नाव फार लांबलचक म्हणून त्याने पहिल्याच दिवशी तिचं 'मॅडी' करून टाकलं. तिला ते आवडलं नाही, पण तिचं प्रोबेशन त्याच्याच शेऱ्यावर अवलंबून होतं.

त्याच सुमारास सरकारने परदेशी डॉक्टरांचे नियम बदलले. तिच्या नवऱ्याचं, अंबरीशचं, हॉस्पिटलमधलं कॉन्ट्रॅक्ट फेब्रुवारीत संपणार होतं. त्यानंतर वर्क परमिट मिळालं तर ठीक, नाहीतर गाशा गुंडाळायचा. घरात दोघंही त्या विषयावर बोलत नसत. टीव्ही मात्र जरा जास्त मोठ्याने लावून ठेवत.

ऑफिसात तिची पहिली मैत्रीण झाली ती वर्ना. वर्ना कार्डिफच्या गोदीजवळच्या वस्तीत जन्मलेली. तिचे आजोबा सिएरा लिओनहून बोटीवर कोळसा ओढायला आले आणि इथलेच झाले. वर्ना या ऑफिसात वीसेक वर्षं होती. तिने शिकवलेली माणसं तिच्या वरच्या जागांवर गेली, ती होती तिथेच राहिली. एकदा काउंटरवर एका माणसाने मधुमतीला आपल्या देशात चालती हो म्हणून सुनावलं. ती बाथरूममध्ये जाऊन उभी राहिली, तेव्हा वर्ना चहाचा मग घेऊन तिच्या मागोमाग आली. युनियनमध्ये कृष्णवर्णीय सभासदांचा एक गट आहे, त्यात तूही ये, असं ती म्हणाली.

"पण मी ब्लॅक नाही," मधुमती चाचरत म्हणाली.

"त्या माणसाने तुला ओरडण्याआधी हे विचारून घेतलं होतं का?" वर्ना म्हणाली. मग तिने समजावून सांगितलं, की या देशात ज्यांना ज्यांना रंगावरून बाजूला सारलं जातं, ते सगळे या गटात एकत्र बसतात. पंजाबी आहेत, बंगाली आहेत, सोमाली आहेत. मधुमतीने बघते म्हटलं, पण गेली नाही. गॅरेथला कळलं तर, हा एकच विचार तिच्या डोक्यात होता.

ऑक्टोबर महिना इथे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाची आठवण जागवण्यासाठी पाळतात. त्या वर्षी वर्नाने खूप मागे लागून कॅन्टीनबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये एक फलक लावायची परवानगी मिळवली. त्यावर जुन्या नर्सेसचे, बस कंडक्टरांचे, या ऑफिसातल्या पहिल्या कृष्णवर्णीय टायपिस्टचे फोटो होते. मधोमध तिच्या आजोबांचा. १९१९ साली शहरात काळ्या लोकांविरुद्ध दंगल उसळली तेव्हा त्यांनी दाराला कपाट लावून बायकोमुलांना कसं वाचवलं, ते वर्नाने खाली लिहिलं होतं. येणारेजाणारे थांबून वाचत होते. काही जण न बघता पुढे जात होते.

मधुमतीला उशीर व्हायची भीती, म्हणून ती नेहमी सगळ्यांच्या आधी यायची. एका सोमवारी ती कॉरिडॉरच्या वळणावर आली आणि जागीच थबकली. गॅरेथ फलकासमोर उभा होता. त्याच्या हातात काळा मार्कर होता आणि वर्नाच्या आजोबांच्या चेहऱ्याचं त्याने माकड करून टाकलं होतं. त्याने वळून पाहिलं. दोघांची नजरानजर झाली. त्याने शांतपणे मार्करचं टोपण लावलं, तो खिशात टाकला आणि तिच्या अंगावरून निघून गेला.

दुपारी तो तिच्या टेबलाशी आला. आवाज अगदी मायेचा होता.

"तुझ्या नवऱ्याच्या परमिटचं काय झालं? फार कठीण झालंय म्हणतात. अशा वेळी घरात एक नोकरी तरी पक्की हवी, नाही का?"

 मधुमतीने मान हलवली. तो गेल्यावरही तिची बोटं कीबोर्डवर नुसतीच टेकून राहिली होती.

वर्नाने तक्रार केली. वरिष्ठांनी दुःख व्यक्त केलं आणि कुणाची मनं दुखावू नयेत म्हणून फलकच उतरवला. पुढे वेगळीच कुजबुज सुरू झाली. सहानुभूती मिळवायला वर्नानेच फोटो खराब केला, असं लोक बोलू लागले. आपण त्या सकाळी तिला फलकाशी पाहिलं, असं गॅरेथने सांगितलं. आणि चौकशी लागली ती वर्नाच्याच मागे.

मधुमतीने घरी अंबरीशला सगळं सांगितलं. 

"तू काही पाहिलं नाहीस," तो म्हणाला. "मागच्या महिन्यात एका पेशंटने मला हात लावू दिला नाही. 'गोरा डॉक्टर आणा' म्हणाला. मी कुठे कुणाला बोललो? आपले दिवस नाहीत गं हे."

नवराही आपल्याइतकाच घाबरलेला आहे हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि तिच्या पायाखालची उरलीसुरली जमीनही सरकली. तिला अन्न गोड लागेना. गॅरेथच्या बुटांचा आवाज दुरून ओळखू यायला लागला. 

वर्नाने तिला काहीच विचारलं नाही. उलट एकदा लिफ्टमध्ये दोघीच होत्या तेव्हा ती समोर बघतच हळूच म्हणाली, "माझ्याशी बोलताना दिसू नकोस. तुझं प्रोबेशन आहे. माझ्याबरोबर तुलाही मोजतील." लिफ्टचं दार उघडलं आणि ती मुद्दाम आधी बाहेर पडली.

मधुमती त्या दिवशी जेवायला गेली नाही. ती युनियनच्या खोलीपर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. दारावर टकटक केली ती इतकी हळू, की आतल्या बाईला ऐकूच आली नाही. दुसऱ्यांदा करावी लागली.

चौकशीला तीन माणसं बसली होती. खोलीत हीटर चालू होता तरी मधुमतीने कोट काढला नव्हता. इतक्या वर्षांचं इंग्रजी ऐनवेळी दगा देऊन गेलं. तिने पाहिलं ते तुटक वाक्यांत सांगितलं. मध्ये बसलेल्या गृहस्थाने विचारलं, इतके दिवस का बोलला नाहीत?

"घाबरले होते," ती म्हणाली. "आत्ताही घाबरलेलीच आहे."

"कुणाला?"

"ज्याच्या हातात मार्कर होता, त्याला. तो माझा साहेब आहे."

बाहेर येऊन तिने बाथरूम गाठलं आणि तिला उलटी झाली.

निकाल यायला नाताळ उजाडला. तोवर गॅरेथ त्याच हॉलमध्ये, चार टेबलं पलीकडे बसत होता. कॅन्टीनमध्ये तिच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. संध्याकाळी पार्किंगमध्ये मागे कुणाची पावलं वाजली की ती किल्ल्या मुठीत आवळून जवळजवळ पळतच सुटायची. एकदा तिच्या गाडीच्या काचेवर कुणीतरी थुंकलं होतं. तिने ते रुमालाने पुसलं आणि अंबरीशला सांगितलं नाही. अंबरीशने मात्र रुमाल पाहिला. दुसऱ्या दिवसापासून ड्यूटी नसली की तो तिला घ्यायला येऊ लागला. "आता बोललीच आहेस, तर एकटी नको येत जाऊस," एवढंच म्हणाला.

मधुमती बोलली म्हणून आणखी एकीला कंठ फुटला. सफाई करणाऱ्या पोर्तुगीज बाईने त्या सकाळी गॅरेथलाच कॉरिडॉरमध्ये पाहिलं होतं. वर्नावरचा आळ गेला. गॅरेथला खालच्या हुद्द्यावर दुसऱ्या गावच्या ऑफिसात पाठवलं. वर्नाची माफी कुणी मागितली नाही. मधुमतीचं प्रोबेशन तीन महिन्यांनी लांबवलं, कारण म्हणे कामात लक्ष कमी पडलं. ते तीन महिनेही तिने जीव मुठीत धरून काढले, आणि मग ती कायम झाली. अंबरीशला मुदत संपता संपता सहा महिन्यांचं काम मिळालं, मग आणखी सहा, आणि पुढे साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात परमिटसकट नोकरी.

वर्नाने निरोपाला तिला घरी जेवायला बोलावलं. जेवताना एकदाच म्हणाली, "मला वाटलं होतं तू साक्ष द्यायला येणार नाहीस. नसती आलीस तरी मी तुझ्यावर रागावणार नव्हते."  मधुमतीने आणखी भात वाढून घेतला.

साउथहॅम्प्टनच्या नव्या ऑफिसात वर्नाच्या युनियनमधल्यासारखा गट नव्हता. मधुमतीने साहेबाला विचारून दुपारच्या सुट्टीपुरती एक खोली मागून घेतली आणि असा गट सुरू होतोय म्हणून नोटीस लावली. पहिल्या दिवशी ती खोलीत एकटीच बसली होती, बिस्किटांचा पुडा समोर ठेवून. कुणी येणार नाही, याची भीती होती. कुणी येईल आणि आपल्याला बोलावं लागेल, याची त्याहून जास्त होती. काचेपलीकडे एक नायजेरियन मुलगी दोनदा येऊन परत गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा मधुमतीने उठून दार उघडलं.